वही बंद करायची का? लातूरच्या एका फर्निचर दुकानाचं प्रकरण

२५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. लातूरच्या आमच्या दुकानात तेव्हा लग्नसराईचा माल खच्चून भरला होता. दिवाण, पलंग, कपाटं, शोकेस, ड्रेसिंग टेबलं, माळ्यावर पाट-चौरंगांची चळत. विसार देऊन गेलेल्यांची गावं कपाटांच्या पाठीवर खडूनं लिहिलेली होती: निलंगा, उजनी, लोहारा, शिरूर. चैत्र-वैशाखात जायचा तो माल पावसाळा आला तरी जागचा हलला नाही.

जूनमध्ये घरात बैठक बसली ती मात्र वहीवरून. वही म्हणजे उधारीची खतावणी, लाल कापडी पुठ्ठ्याची. माझा भाऊ, दादा, म्हणाला, आता ही बंद करू. ज्याला हप्त्यानं न्यायचंय त्याला फायनान्स कंपनी आहे, तिचा माणूस दुकानात येऊन बसायला तयार आहे, पैसे दोन-तीन दिवसांत आपल्या खात्यावर. आमचे वडील, अण्णा, म्हणाले, वही बंद म्हणजे दुकानच बंद. बापूकाका दोघांकडं बघत बसले. शेवटी अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "तू पोरांना हेच शिकवतीस ना? मग काढ हिशोब. कोण बरोबर ते आकडा सांगंल."

मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. पुढचे दोन महिने मी माळ्यावरच्या सगळ्या वह्या खाली काढल्या आणि वाचल्या. हे लेखन त्यातून आलंय. घरातल्यांची आणि गिऱ्हाइकांची नावं देत नाही, दुकानाचंही नाही. रकमा लागतील तिथं 'समजा' म्हणून घेते, कारण खरे आकडे लोकांच्या घरातले आहेत.

बलुत्यापासून वहीपर्यंत

आमचे पणजोबा औसा तालुक्यातल्या एका खेड्यात गावचे सुतार होते. औत, वखर, कुळव, तिफण, गाडीचं जू, चाकाचे आरे, हे सगळं वर्षभर करून द्यायचं, मोडलं तर नीट करायचं, आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं घ्यायचं. रोख पैसा हातात फार क्वचित यायचा. बाज किंवा देवघर यांचे पैसे वेगळे, पण तेही सुगीलाच. म्हणजे उधारी आमच्या धंद्यात मागून शिरली असं नाही. काम आधी आणि मोल पीक आल्यावर, याच रीतीवर हा धंदा उभा राहिला.

आबा, म्हणजे आजोबा, पोलीस ॲक्शननंतर लातूरला आले. सप्टेंबर १९४८ च्या त्या पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं आणि खेड्यातून शहराकडं येणं सोपं झालं. लातूरच्या गोल बाजारपेठेला, गंजगोलाईला, सोळा रस्ते येऊन मिळतात आणि ज्या त्या रस्त्याचा आपला बाजार. त्यातल्या एका रस्त्याच्या टोकाला आबांनी पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. पुढं दोन खुर्च्या मांडलेल्या, मागं रंधा चाललेला. सगळ्यात जुन्या वहीत रकमांपुढं कुठं 'हाली' लिहिलंय, कुठं 'कलदार'. निजामाचे सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. सुताराच्या पोरानं ही फोड कुणाकडून शिकून घेतली असेल देव जाणे, पण वजाबाकी एकाही पानावर चुकलेली नाही.

लाकूड किनवटहून यायचं. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेडला जोडलं गेलं. तिथलं सागवान, त्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण आणि सोबत वाहतुकीचा परवाना. दारं-चौकटींना साग, खाटेच्या ठाव्यांना बाभूळ, कपाटाच्या आतल्या फळ्यांना आडजात. आबा ओंडक्यावर पाणी शिंपडून नस बघायचे आणि मग भाव बोलायचे. लाकूडवाल्याला पैसे वेळेवर द्यावे लागत, गिऱ्हाइकाकडून ते सुगीला येत. या मधल्या महिन्यांचं ओझं कुणी उचलायचं, हाच या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. तो आबांच्या काळात जेवढा होता तेवढाच २०२० मध्ये होता.

१९७२ च्या दुष्काळात तर सुगीच झाली नाही. लोक खडी फोडायला गेले, बैलं विकली. त्या सालच्या वहीत नवी खाती जवळजवळ नाहीत. जुन्या खात्यांपुढं आबांनी फक्त "पुढं ओढले" असं लिहिलंय, पानामागून पान. पुढं ओढले म्हणजे बाकी पुढच्या सालाच्या वहीत नेली. व्याज कुठंही लावलेलं नाही.

रेघ मारलेली पानं

मी सगळ्यात जास्त वेळ बसले ती १९९३ च्या वहीवर.

३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार-पाच मिनिटं असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती उठले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्या वहीतली कितीतरी गावं त्याच पट्ट्यातली: औसा, निलंगा, उमरगा. तिथली घरं माळवदाची. मातीत रचलेल्या दगडाच्या हात-दीड हात रुंद भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर जाड मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारं घर. हादरा बसला तेव्हा तेच दगड आणि तीच माती झोपलेल्या माणसांवर आली.

त्या घरांतले खांब आणि तुळया पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं सागवान होतं. आजही तसं लाकूड पैसे देऊन मिळत नाही. पुढच्या महिन्यांत ते ट्रकांनी बाहेर जायला लागलं. लोकांना हातात पैसा हवा होता, आणि डोक्यावर लाकूड-माती नकोच झाली होती. आबांकडंही लोक आले. एक जण तर आमचाच खातेदार. मुलीच्या आंदणाच्या पलंगाचे पैसे बाकी होते. मुलगी सासरी वाचली, इकडं घरात तो एकटा उरला. खांब घ्या आणि खातं मिटवा, म्हणाला. आबांनी खातं मिटवलं, खांब घेतले नाहीत.

हे घरात अभिमानानं सांगितलं जातं. मीही लहानपणापासून ऐकत आले. पण हिशोब काढायला बसल्यावर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. त्या पट्ट्यातल्या गावांच्या पानांवर आबांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारली. बुडीत लिहिलं नाही, माफ लिहिलं नाही, नुसती रेघ. तेवढी रक्कम दुकानातून गेली. लाकूडवाल्याचं देणं थकलं, दोन मिस्त्री दुसऱ्या कारखान्यात गेले आणि आजीच्या पाटल्या मोडल्या. आजी शेवटपर्यंत काचेच्या बांगड्यांवर राहिली. तिला कुणी विचारलं होतं का, हे मी अण्णांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले.

शिवाय लाकूड न घेतल्यानं त्या माणसांचं भलं झालं, असंही म्हणवत नाही. त्यांनी ते दुसऱ्याला विकलंच, बहुधा कमी भावानं. आबांनी घेतलं असतं तर भाव बरा दिला असता. हे मी घरात बोलले तेव्हा अण्णांना राग आला. तरी मला अजून तसंच वाटतं.

भूकंपानं धंदाही पालटला. बावन्न गावं नव्या जागी वसली. घरं जमिनीच्या हिशोबानं मिळाली: अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फूट. ढेलज नाही, ओसरी नाही, वर खण नाहीत. अडीचशे फुटांच्या घरात सागवानी पलंग ठेवला तर माणसं बसणार कुठं? घडीची लोखंडी कॉट, पत्र्याचं कपाट, प्लास्टिकच्या खुर्च्या, हेच लोक मागायला लागले. अण्णांनी ते ओळखलं आणि लोखंडी कपाटं आणून विकायला सुरुवात केली. आधी शेडच्या कोपऱ्यात चार, मग पुढची सगळी बाजू, मग काचेचा दर्शनी भाग आणि वर पाटी: शोरूम. मागं रंधा चालू होता, पण आवाज दरसाल कमी होत गेला. आबांच्या वेळी सात-आठ मिस्त्री होते, २०२० ला दोन उरले होते, आणि तेही बराच वेळ तयार मालाचे स्क्रू आवळत.

याला मी अण्णांची चूक म्हणत नाही. त्या दहा-पंधरा वर्षांत शोरूमनंच घर चालवलं, आम्हा भावंडांची शिक्षणं केली. चूक झाली ती दुसरीकडं. माल बदलला तरी वही होती तशीच ठेवली. आबा उधार द्यायचे तेव्हा निम्मा माल त्यांच्या स्वतःच्या मजुरीचा असायचा. पैसे सहा महिने थांबले तर मजुरी थांबायची, आणि मिस्त्री घरचेच असल्यासारखे. अण्णा उधार द्यायला लागले तो माल हैदराबाद-पुण्याहून विकत आणलेला होता. त्याचे पैसे व्यापारी थांबवत नाही. दोन्ही उधाऱ्या वहीत सारख्याच दिसतात, पण दुकानाला सारख्या पडत नाहीत. ही गोष्ट मला स्वतःला तिसऱ्या आठवड्यात कळली.

आकड्यांनी काय सांगितलं

दादाचं म्हणणं होतं, उधारीनं आपण बुडालो. मी शेवटच्या पंधरा वर्षांची बाकी खातेदाराच्या कामधंद्याप्रमाणं लावून पाहिली. शेतकऱ्यांची खाती उशिरा मिटलेली होती, पण मिटलेली होती. एप्रिल-मेच्या लग्नात नेलेल्या पलंगाचे पैसे दिवाळीच्या आगंमागं सोयाबीनवर, उरलेले माघ-फाल्गुनात तुरीवर. आडतीवरून पट्टी घेऊन माणूस थेट दुकानात यायचा. जी खाती खरोखर बुडाली त्यांत बरीच शहरातली होती: एक लॉज, दोन कंत्राटदार, एक कोचिंग क्लास. "मोठं गिऱ्हाईक आहे" म्हणून अण्णांनी त्यांना माल सोडला होता. त्यांच्याकडं सुगी नसते, त्यामुळं मागायला जायची तिथीही नसते.

त्यातल्या बऱ्याच खात्यांवर सही नव्हती. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत कायद्यानं तीन वर्षं असते. मुदतीच्या आत देणेकऱ्यानं बाकी मान्य करून सही केली तर ती तिथून नव्यानं सुरू होते. आबा दरवर्षी बाकी पुढं ओढताना सही नाही तर अंगठा घ्यायचे. त्यांना कायदा ठाऊक होता की नुसती सवय होती, कोण जाणे. अण्णांनी मोठ्या लोकांकडून सही मागायला संकोच केला.

पण दुकानाचा गळा आवळला तो बुडीत खात्यांनी कमी आणि उशिरानं जास्त. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाण्याच्या. त्या साली कितीतरी लग्नं पुढं गेली किंवा दारातल्या दारात उरकली. त्याच नोव्हेंबरात नोटबंदी झाली, ऐन सोयाबीनचे पैसे यायच्या दिवसांत. आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला.

जीएसटीचं काम इथं नीट समजून घेतलं पाहिजे, कारण वहीवर खरा घाव त्याचा बसला. कर बिल केल्यावर लागतो. गिऱ्हाइकानं पैसे दिले का नाही, हे सरकार बघत नाही. समजा सागवानी पलंगाची किंमत ४०,००० रुपये. सुरुवातीला फर्निचरवर २८ टक्के होता, म्हणजे ११,२०० रुपये कर. लाकूड-सामान १५,००० चं, त्यावर १८ टक्क्यांनी भरलेल्या २,७०० ची वजावट मिळाली. मिस्त्रीच्या मजुरीवर वजावट नाही. उरले ८,५०० रुपये. ते पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत दुकानानं खिशातून भरायचे, आणि गिऱ्हाइकाचा पहिला पैसा येणार दिवाळीला. नोव्हेंबर २०१७ मध्ये दर १८ टक्के झाला, तेव्हा हीच रक्कम ४,५०० वर आली. एका पलंगाला हे निभतं. लग्नसराईत असे किती पलंग जातात याचा विचार करा. आबांच्या वेळी मधले महिने फक्त लाकूडवाल्याला सांभाळायचे असत. आता सरकारचंही आधी भरायचं, तेही लोकांच्या वतीनं.

म्हणजे दादा बरोबर होता का? पुढं मी फायनान्सचा हिशोब मांडला. समजा ३०,००० चा सोफा, तीन-तीन हजारांचे दहा हप्ते, बिनव्याजी. कंपनी दुकानदाराला पूर्ण तीस हजार देत नाही, आपला वाटा कापून देते. गिऱ्हाइकाकडून फाईलचा खर्च वेगळा. व्याज शून्य अशी गोष्टच नसते, ते कुठंतरी लपवलेलं असतं, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. तरीही दुकानदाराला हा सौदा परवडतो. पैसे लगेच येतात आणि कर सुखानं भरता येतो.

अडचण आहे ती हप्त्याच्या तारखेत. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. ज्याच्या घरात पैसा वर्षातून दोनदा येतो, त्याच्या खात्यावर पाच जुलैला काय असणार? त्या दिवसांत तर तो बियाणं-खताला पैसे शोधत असतो. हप्ता परत गेला की बँकेचा दंड, कंपनीचा दंड, आणि कर्जाच्या नोंदीवर डाग. पुढं पीककर्जाला गेला की तो डाग आडवा येतो. मास्तरला, पोलिसाला, दवाखान्यातल्या नोकरदाराला फायनान्स बरोबर बसतो. सोयाबीनवाल्याला नाही, मग तो कितीही सचोटीचा असो.

ऑगस्टमध्ये मी हे सगळं घरात वाचून दाखवलं. भांडणं झाली. बापूकाका पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. त्यांच्या मुलांना शोरूम नीट चालवायचंय, वहीच्या मागं गावोगाव फिरायचं नाही, आणि हे ते दहा वर्षं पोटात ठेवून होते. मला ते ऐकून वाईट वाटलं. आम्ही कुणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं, आजीला विचारलं नव्हतं तसंच.

तोडगा निघाला तो असा. पुढची शोरूम काकांच्या घराकडं, तयार माल, रोख नाही तर फायनान्स, वही नाही. मागचा कारखाना आमच्याकडं, घडवून दिलेलं सामान आणि दुरुस्ती, आणि वही फक्त इथं. तीही बदलून. निम्मी रक्कम काम सांगतानाच, म्हणजे लाकूड आणि कर त्यात निघतो. उरलेली निम्मी दोन हप्त्यांत, एक सोयाबीनवर, एक तुरीवर, आणि तसंच छापलेलं कार्ड गिऱ्हाइकाच्या हातात. सही प्रत्येकाची, माणूस केवढाही मोठा असो. एका घराचं एक खातं मिटल्याशिवाय दुसरं नाही. लॉज-कंत्राटदारांना उधार नाही. ही शेवटची अट अण्णांनी स्वतः घातली.

कारखाना दादानं सांभाळावा असं ठरलं, आणि वही बंद करा म्हणणाराच वहीचा मालक झाला. पहिली दोन वर्षं जड गेली. मिस्त्री मिळत नव्हते. सुताराची पोरं मॉड्युलर किचनच्या कामाला पुण्याला गेलेली, पटाशी धरणारा हात शोधून आणावा लागला. अण्णा पासष्टीत पुन्हा रंध्यावर उभे राहिले आणि दोन पोरांना सांधा धरायला शिकवलं. कामं आली ती मात्र अपेक्षेपेक्षा वेगळी. नवीन पलंगापेक्षा जुने दुरुस्तीला जास्त. आबांनी केलेले दिवाण, ज्यांची आंदणं होती त्यांच्या नातींनी आणलेले. त्यांतले बरेच त्याच रेघ मारलेल्या गावांतून आले. रेघेमुळंच आले असं मी म्हणणार नाही. चांगलं सागवान टाकवत नाही, हेही कारण असतंच.

नव्या कार्डाची पहिली खरी परीक्षा २०२५ ला झाली. सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, लातूर-धाराशिवपासून बीड-नांदेडपर्यंत काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, काही ठिकाणी मातीसकट वाहून गेलं. दिवाळीचा हप्ता येणार कुठून? कर आम्ही केव्हाच भरलेला होता, निम्मी रक्कम आधी घेतल्यामुळं लाकडाचं देणंही नव्हतं. अडकली होती ती मजुरी आणि आमचा नफा. काकांच्या शोरूममध्ये त्याच आठवड्यात लोक भांडायला येत होते. हप्ते परत गेले होते, कंपनीचे फोन चालू होते, आणि माझा चुलतभाऊ त्यांना सांगत होता की आता ते आपल्या हातात नाही. खरंच नव्हतं.

मागं कारखान्यात दादा कार्डांचा गठ्ठा घेऊन बसला होता. अहमदपूरकडचा एक खातेदार आला. पायात चिखलाचे बूट, हातात दुमडलेलं कार्ड. "जेवढं राहिलं तेवढं काढूलालाव," म्हणाला, "भिजलंय सगळं. हे पाचशे धरा." दादानं पाचशे जमा लिहिले, कार्डावरचा 'सोयाबीन' शब्द खोडून शेजारी 'तूर' लिहिलं आणि सही घेतली. माणूस गेल्यावर मी विचारलं, तुरीच्या मुळाशीही पाणीच आहे, तीही गेली तर? त्यानं वहीचं ते पान उघडलं, बाकी मांडली, आणि खाली आबांच्या वहीत असायचे तेच दोन शब्द लिहिले: पुढं ओढले.